रामभाऊंच्या भट्टीतला दुसरा तडा

१. थप्प!

सोमवारी सकाळी रामभाऊ पवारांनी भट्टीवरचा पत्रा सरकवला, राख बाजूला सारली, साखळीने इंजिनाचा ब्लॉक वर ओढला आणि जमलेल्या मंडळींकडे असं बघितलं, जणू आता नाटकाचा पडदाच उघडायचा आहे.

"आता ऐका," ते म्हणाले. "मंदिराची घंटी वाजेल, घंटी!"

आणि त्यांनी हातोडीने ब्लॉकवर हळूच ठोकलं.

थप्प.

ओल्या पोत्यावर काठी पडावी तसा आवाज. रामभाऊंनी दुसऱ्या बाजूने ठोकून बघितलं. पुन्हा थप्प. त्यांनी कापडाने ब्लॉकचा माथा पुसायला घेतला आणि पुसता पुसता त्यांचा हात थांबला. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध केसाएवढा बारीक, काळा तडा गेला होता. नवा कोरा.

इंदूरला, कृष्णपुऱ्याच्या समाधी-छत्र्यांमागच्या गल्लीतल्या त्या शेडमध्ये सगळे ब्लॉककडे वाकले. मग श्रीपादराव बोरगावकरांनी हंबरडा फोडला.

"रामभाऊ! मेली की हो माझी बाईसाहेब!"

बाईसाहेब म्हणजे श्रीपादरावांच्या वडिलांनी घेतलेली जुनी विलायती मोटार. श्रीपादरावांच्या पत्नी वसुधाताई तिला 'थोरली सवत' म्हणत आणि ते पूर्णपणे थट्टेत म्हणत असं नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी श्रीपादराव तिला घेऊन गौतमपुऱ्याला हिंगोटांची लढाई बघायला गेले होते. एकमेकांवर बारूद भरलेली जळती हिंगोट फळं फेकणारे दोन्हीकडचे वीर धडधाकट घरी गेले. इंजिन तेवढं कामी आलं. परतीच्या वाटेवर रेडिएटरमधलं पाणी आटलं, इंजिन भाजून निघालं आणि श्रीपादरावांनी मोठ्या मायेने त्यात बादलीभर गार पाणी ओतलं. इंजिन बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. बीड कडक खरं, पण घडीव लोखंडासारखं वाकून घेत नाही. तापलेलं असताना गार पाणी लागलं की तडकतं. तसं ते कुशीत तडकलं होतं.

बिडाची जोडणी अख्ख्या माळव्यात आपल्यासारखी कुणाला जमत नाही, असं रामभाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मिलच्या वर्कशॉपात त्यांनी उमेदवारी केली होती. मिल बंद पडली, पण रामभाऊंचा तोरा बंद पडला नाही. त्यांनी ब्लॉक कोळशावर लाल होईतो तापवला, बिडाचीच सळई वितळवून चीर भरली आणि शनिवारी रात्री तो राखेत पुरून ठेवला. तो हळूहळूच निवायला हवा, घाई केली की पुन्हा फुटायचा.

घाई करण्यासारखं कारणही होतं. रामभाऊंची एकुलती एक लेक शलाका तुळशीचं लग्न झालं की बोहल्यावर चढणार होती आणि तिची बिदाई बाईसाहेबांतूनच करायची, असा शब्द श्रीपादरावांनी दिला होता.

"हात गेला तुमचा, रामभाऊ!" श्रीपादराव ओरडले. "सांगायचं होतं तसं! मी दुसरीकडे नेली असती!"

रामभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी अंगावरचा कातडी एप्रन सोडला आणि खिळ्याला अडकवला.

"ठीक आहे, श्रीपादराव. हात गेला ना? मग भट्टी पण गेली. आजपासून बंद. खतम."

इतका वेळ मागे उभ्या असलेल्या वसुधाताई पुढे झाल्या. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, पदर खोचला आणि त्या ब्लॉकवर वाकल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "रामभाऊंची जोड शाबूत आहे. कुशीत, जिथे होती तिथे. हा तडा भलतीकडेच आहे." त्यांनी राखेत हात घालून मूठभर राख वर काढली. "आणि ही भट्टी आपण यायच्या आधीच कुणीतरी उघडली होती."

२. माशीसुद्धा नाही

वसुधाताईंनी सगळी नोकरी विमा कंपनीत काढली होती. मोटारींच्या अपघातांचे दावे तपासायचं काम. झाडावर चढलेल्या गाडीशेजारी उभे राहून 'मॅडम, झाडच मध्ये आलं' असं सांगणारे सद्गृहस्थ त्यांनी ढिगाने पाहिले होते. निवृत्त झाल्यावर त्यांची नजर रिकामी राहिली होती. आज तिला काम मिळालं.

"रामभाऊ, ब्लॉक पुरलात तेव्हा खाली काय घातलंत, वर काय?"

"खाली राख, वर चुन्याची भुकटी. हमेशा असंच." रामभाऊ भिंतीकडे तोंड करून बोलले. ते रुसले होते.

"मग हे बघा. राख आणि चुना एकमेकांत कालवलेत, भाजीत बेसन कालवतात तसे. आणि ही काय भानगड?"

ब्लॉकच्या माथ्यावर सिलिंडरची चार गोल भोकं होती. प्रत्येक भोकाच्या तोंडाभोवती पांढुरकं कडं उमटलं होतं. रामभाऊंनी तिरक्या नजरेने बघितलं.

"चुना असेल."

वसुधाताईंनी नखाने खरवडून बघितलं. चुना भुकटीसारखा झडला असता. हे वाळलेल्या खळीसारखं चिकटून बसलं होतं.

"काल भट्टीपाशी कोण होतं?"

काल, रविवारी, रामभाऊ शलाकाच्या लग्नाची पहिली पत्रिका खजरान्याच्या गणपतीपुढे ठेवायला गेले होते आणि तिथून पुढे नातेवाइकांकडे. शेडला कुलूप. एक किल्ली त्यांच्याकडे, एक शलाकाकडे. पण नुसत्या कुलपावर श्रीपादरावांचा भरवसा नव्हता. आपण स्वतः पहारा करतो म्हणून त्यांनी शलाकाकडून किल्ली घेतली आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत शेडमध्ये ठाण मांडलं.

"मी जागचा हललो नाही," श्रीपादराव छाती काढून म्हणाले. "माणूस सोड, माशीसुद्धा आत आली नाही."

वसुधाताईंनी नवऱ्याकडे नीट बघितलं. विचारलेलं नसताना माशीचा हिशेब देणाऱ्या माणसांचे दावे त्या जरा जास्तच बारकाईने तपासत असत.

काल संध्याकाळी घरी आल्यावर श्रीपादराव जेवले नव्हते. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघून तूप बंद केल्यापासून घरात दलियाचं राज्य होतं. कालही तोच होता. "बाईसाहेबांच्या काळजीने भूकच मेली गं," असं म्हणून ते अर्धा पेला ताक पिऊन झोपले. वसुधाताईंना तेव्हा गलबलून आलं होतं.

आता मात्र त्यांच्या मनात हिशेब चालू झाला. भट्टी उघडली गेली, ती कालच. शेडमध्ये दिवसभर एकच माणूस होता आणि त्याच्याशी त्यांचं लग्न झालेलं होतं.

३. शलाकाचं कारण

शलाका आणि रामभाऊ गल्लीच्या तोंडाशीच राहायचे. वसुधाताई गेल्या तेव्हा शलाका हातावर मेंदीचे नमुने ताडून बघत होती.

"शलाका, खरं सांग. बाईसाहेबांतून बिदाई तुला हवी होती का?"

शलाकाने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "काकू, पप्पांना नका सांगू हं. बिल्कुल नको होती. हृषीकेश बॅटरीच्या स्कूटरी बनवणाऱ्या कंपनीत आहे. वरातीत त्याचे सगळे दोस्त येणार. त्यांच्यासमोर ती गाडी फुस्स झाली, तर धक्का कोण मारणार? मी? शालू नेसून?"

"म्हणजे इंजिन फुटलं ते बरंच झालं म्हणायचं तुझ्या दृष्टीने."

"काकू!" शलाकाचे डोळे एकदम भरून आले. "पप्पा सकाळपासून चहा नाही प्यायले. भट्टी बंद म्हणताहेत. तुम्हाला माहितीए ना, पप्पा भट्टीशिवाय म्हणजे... भट्टीशिवाय पप्पा कसे दिसतील तेच मला नाही माहीत. मी असं करेन?"

वसुधाताईंना ती खरं बोलत असल्यासारखी वाटली. पण शलाकाची नजर अजून जमिनीवरच होती.

"आणखी काय आहे?"

"काही नाही."

"शलाका."

"काल दुपारी मी काकांसाठी डबा घेऊन गेले होते," ती हळूच म्हणाली. "त्यांनी दार एवढंसंच उघडलं. म्हणाले, भूक नाही बेटा, घरी ने परत. घामाने नुसते निथळत होते. डोळे लाल. आणि मला आत येऊच देईनात." तिने पुन्हा दाराकडे बघितलं. "मला वाटलं, काकांनी थोडी... घेतलीय. म्हणून मी कुणाला बोलले नाही. मोठे आहेत ते."

"एकटेच होते?"

"तेच तर सांगते. आतून कुणीतरी हसलं. आणि म्हणालं, 'अरे श्रीपाद, जल्दी कर भिया, करपतंय!'"

४. शामजींची बोटं

श्रीपादरावांना अरे-तुरे करणारा आणि वर इंदुरी थाटात भिया, म्हणजे भाऊ, म्हणणारा माणूस इंदुरात एकच होता. शामजी केळकर. श्रीपादरावांचे शाळेपासूनचे मित्र आणि जुन्या मोटारींच्या बाबतीत हाडवैरी. त्यांच्याकडेही एक पांढरी जुनी गाडी होती. शलाकाच्या बिदाईसाठी 'बाईसाहेब नाही चालली तर माझी आहेच' असं ते लग्न ठरल्यापासून ऐकवत होते.

म्हणजे कारण होतं. संधी होती. वसुधाताईंनी शामजींच्या दाराची घंटी वाजवली.

"या या वहिनी! पोहे घेणार? जिरावन मसाला टाकून?"

"काल तुम्ही रामभाऊंच्या शेडमध्ये होतात."

शामजींच्या हातातला चमचा बशीत वाजला. "मी? नाही तो. म्हणजे, गेलो होतो. श्रीपादला कंपनी द्यायला. पाच मिनिट. बस्स."

"आणि काय करपत होतं?"

"करपत?" शामजी खिडकीबाहेर बघायला लागले. "कुठे काय करपत होतं? कसम से वहिनी, मी तुमच्या गाडीला बोट नाही लावलं."

बोटांचा विषय निघाला म्हणून वसुधाताईंनी बोटं बघितली. शामजींच्या उजव्या हाताच्या तीन बोटांवर पांढरं मलम फासलेलं होतं.

"हे काय झालं?"

"चहा. गरम चहा सांडला."

चहा सांडला तर हाताच्या पाठीवर सांडेल, नाहीतर मांडीवर. नेमका बोटांच्या टोकांवर सांडणारा चहा वसुधाताईंनी पाहिला नव्हता. आता शामजींना कसं बोलतं करावं याचा त्या विचार करत होत्या, एवढ्यात खाली गल्लीत कचऱ्याच्या गाडीचं गाणं सुरू झालं. शामजी तडक उठले आणि ओटीवरच्या दोन बादल्या उचलायला धावले.

"माफ करा हं वहिनी! ओला वेगळा, सुका वेगळा. आपल्या घरी यात गडबड नाही चालत. कुठेही असो, आपण मिसळत नाही म्हणजे नाही!"

वसुधाताई जागच्या जागी थबकल्या. कुठेही असो. रामभाऊंच्या शेडच्या दारातही दोन बादल्या होत्या. तिथे कायम लोखंडाचा कीस आणि सळयांचे तुकडे पडायचे. ओल्या कचऱ्याच्या बादलीत कधी काही पडायचं कारणच नव्हतं. पण सकाळी तिथे एक कुत्रं त्याच बादलीभोवती घुटमळत होतं आणि आपण त्याला हाड् हाड् करून हाकललं होतं.

गाडीचं गाणं छत्र्यांच्या दिशेने वळलं. वसुधाताईंनी चपला पायात सरकवल्या आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्या धावल्या.

५. बाटी की बाफला

दिवेलागणीला सगळे शेडमध्ये जमले. रामभाऊ स्टुलावर, अजून रुसलेले. शलाका त्यांच्या पाठीशी. श्रीपादराव आणि शामजी एकमेकांपासून नको इतके लांब उभे. मधोमध ब्लॉक आणि त्याशेजारी ओल्या कचऱ्याची, हिरव्या झाकणाची बादली. ती वसुधाताईंनी कचऱ्याच्या गाडीवाल्याच्या हातातून अक्षरशः हिसकावून आणली होती.

"इंदुरी माणूस गुन्हा करेल," वसुधाताई म्हणाल्या, "पण ओला कचरा सुक्यात टाकणार नाही. ही बघा. पिळलेली लिंबं. कोथिंबिरीच्या काड्या. कांद्याची सालं. आणि हे करपलेले कणकेचे पापुद्रे. वेल्डिंगच्या शेडमध्ये!"

श्रीपादराव खाली वाकून चपलेचा अंगठा बघू लागले.

"काल इथे कुणीतरी मेजवानी केली. घरी तूप मिळत नाही अशा कुणीतरी. भट्टी आयती गरम होती. राख होती. पत्रा सरकवला, राख उकरली आणि त्यात..." त्यांनी शामजींकडे बघितलं. "त्यात बाट्या भाजल्या. त्या राजस्थानात करतात तशा. कणकेच्या कोरड्या, दगडासारख्या बाट्या."

"बाट्या?" शामजींच्या तोंडून निघालं.

"हो. बाट्याच. दुसरं काय असणार? शेडमध्ये बसून दोन पुरुषांना काय येणार करायला? कशातरी सुक्या बाट्या."

"वहिनी, काय बोलताय!" शामजींना ते सोसवेना. "बाट्या कोण खातंय इथे? बाफले होते, बाफले! माझ्या हातचे! घरून हळद घालून, नीट उकळून, ओल्या फडक्यात बांधून आणलेले! बोटं भाजली काढताना, पण काय फुलले होते, लोण्यासारखे..."

"शाम!" श्रीपादराव कळवळून ओरडले.

शामजींनी तोंडावर हात ठेवला. पण आता उशीर झाला होता.

"धन्यवाद," वसुधाताई म्हणाल्या. "मला तेवढंच हवं होतं. बाटी असती, तर मी रामभाऊंचीच चूक म्हटलं असतं. बाटी कोरडी असते, ती बिडाला काही करत नाही. पण बाफला आधी उकळतात. तो पाणी पिऊन जड झालेला असतो. तुम्ही ते ठेवलेत कुठे?"

वसुधाताईंनी ब्लॉककडे बोट केलं.

"मीच सांगते. चार गोल भोकं, अप्पेपात्रासारखी. चार सिलिंडर, चार बाफले. ही पांढरी कडी चुन्याची नाहीत, कणकेची आहेत. उकळून गार झालेल्या बाफल्यांतून पाणी तापलेल्या बिडावर ठिबकलं आणि दोन भोकांच्या मधली भिंत तडकली. गौतमपुऱ्याच्या रस्त्यावर बादलीने केलंत, अहो, तेच काल थेंबाथेंबाने केलंत."

श्रीपादराव मटकन कोळशाच्या पोत्यावर बसले. त्यांचा चेहरा असा झाला होता की वसुधाताईंनाही पुढचं वाक्य गिळावं लागलं. सकाळी चारचौघांत ते ज्याच्यावर ओरडले होते, तो माणूस समोर बसला होता.

"मला खरंच माहीत नव्हतं," ते पुटपुटले. "मला वाटलं, नुसती ऊब आहे, वाया जातेय. रामभाऊ, मी... तुमचा हात गेला म्हणालो मी."

रामभाऊ स्टुलावरून उठले. ब्लॉकपाशी गेले. एका सिलिंडरमध्ये बोट फिरवून त्यांनी ते नाकाशी नेलं.

"माझ्या जोडणीच्या माथ्यावर बाफले," ते हळूच म्हणाले.

त्यांचे खांदे हलायला लागले. शलाका घाबरून पुढे झाली, पण ते रडत नव्हते. हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, त्यांनी भिंतीला हात टेकला.

"म्हणजे माझी जोड नाही फुटली! ऐकलं का शलाका? माझी जोड जशीच्या तशी! तुझ्या काकांनी नवी जागा शोधून फोडली!" मग ते एकदम गंभीर झाले. "पण एक बात सांगा, श्रीपादराव. मी इथे नव्हतो. माझी भट्टी, माझा कोळसा. माझ्यासाठी एक पण बाफला नाही ठेवला?"



६. बिदाई

भट्टी पुन्हा पेटली. या वेळी भाता श्रीपादरावांनी मारला, कोळसा शामजींनी वाहिला आणि रामभाऊ मध्ये उभं राहून दोघांनाही ओरडत राहिले. तसं त्यांना नक्कीच बरं वाटत होतं. पहाऱ्याला वसुधाताई स्वतः बसल्या. ब्लॉक बाहेर निघाला, हातोडी पडली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा खणखणीत आवाज झाला. इंजिन गाडीत बसलं. श्रीपादरावांचं तूप बंदच राहिलं, पण त्याबद्दल बोलायची सोय त्यांनी स्वतःच घालवली होती.

लग्नाच्या दिवशी बाईसाहेब मांडवाच्या दारात उभी होती, शेवंतीच्या माळा घालून. शलाकाला बाहेर आणलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. ती मागच्या सीटवर बसली. तिने रामभाऊंचा हात धरला आणि डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं, आता हुंदका फुटणार एवढ्यात श्रीपादरावांनी किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्याच फटक्यात लागलं. आणि असं लागलं, की ते बाईसाहेबांचंच आहे यावर कुणाचा विश्वास बसेना. ना खोकला, ना धक्का. गायीच्या पाठीवरून हात फिरवावा तसा मऊ, एकसारखा आवाज.

रामभाऊ लेकीचा हात सोडून बॉनेटपाशी गेले. कान लावून उभे राहिले. "वाजतंय," ते म्हणाले. मग लेक डोळ्यांसमोर असताना जे आलं नव्हतं ते पाणी त्यांच्या डोळ्यांत आलं आणि ते कुणासाठी आहे हे त्यांना कुणी विचारलं नाही.

श्रीपादरावांना तर आनंदाने काही सुचेनासं झालं होतं. त्यांनी गिअर टाकला. गाडी सरकली, वळली आणि बँडवाल्यांना मागे टाकून भर्रकन रस्त्याला लागली.

"अहो!" वसुधाताई मांडवातून ओरडल्या. "अहो, थांबा! नवरा राहिला!"

हृषीकेश खरंच राहिला होता. तो शेरवानी सावरत, फेटा एका हाताने धरून गाडीमागे धावत होता. त्याच्या मागे त्याचे बॅटरीच्या कंपनीतले सगळे दोस्त आणि त्यांच्या मागे, खूपच मागे, शामजी.

श्रीपादरावांनी आरशात बघितलं आणि दचकून ब्रेककडे पाय नेला.

शलाका मागे वळून काचेतून बघत होती. गालांवरचं पाणी तसंच होतं, पण ती पोट धरून हसत होती.

"थोडं अजून, काका," ती म्हणाली. "पुढच्या चौकापर्यंत. जरा पळू दे त्याला."